‘नको’ म्हणायची मुभा

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या विमानतळांवर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले जथे दिसू लागतात. छातीवर चर्चचं नाव, पाठीवर बायबलमधलं वचन. सोळा-सतरा वर्षांची मुलं, सोबत चार मोठी माणसं आणि एक पाळक. कुणी निघालेलं असतं ग्वाटेमालाला, कुणी होंडुरासला, कुणी केनियाला. तिथे आठवडाभर राहायचं, भिंत बांधायची, शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची, औषधं वाटायची आणि परतायचं. याला तिकडे शॉर्ट-टर्म मिशन म्हणतात. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या २००५ सालच्या पाहणीवरून निघालेला अंदाज असा, की चर्चचे सुमारे १६ लाख प्रौढ अमेरिकी सभासद दरवर्षी अशा परदेशी दौऱ्यावर जातात. मुक्काम साधारण आठ दिवसांचा.

या मुलांच्या मनात खोट नसते, हे आधीच सांगतो. कित्येकांनी वर्षभर गाड्या धुऊन, केक विकून, नातेवाइकांना पत्रं लिहून तिकिटाचे पैसे जमवलेले असतात. मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि सेवेसाठी घर सोडणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. म्हणून माझा प्रश्न मुलांना नाही. त्यांना पाठवणाऱ्या मंडळ्यांना आहे. ज्यांच्या दारात तुम्ही उतरणार, त्यांना ‘नको, या वर्षी येऊ नका’ असं म्हणायची मुभा आहे का? आणि तसं म्हटल्यावर त्यांचं काही बिघडणार नाही, अशी हमी तुम्ही दिली आहे का?

बहुतेक ठिकाणी ती दिलेली नाही. बाकी सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

रॉबर्ट लप्टन यांनी अटलांटा शहरातल्या गरीब वस्त्यांत हयात घालवली. २०११ साली आलेल्या ‘टॉक्सिक चॅरिटी’ या पुस्तकात त्यांनी मेक्सिकोतल्या एका चर्चचा दाखला दिलाय. एकाच उन्हाळ्यात तिथे सहा वेगवेगळे गट येऊन गेले आणि सहाही गटांनी त्या चर्चला रंग दिला. ऐकणारा आधी वाया गेलेल्या रंगाचा हिशेब करतो. मी यजमानांचा विचार करतो. दुसरा गट डबे उघडायला लागला, तेव्हा भिंत नुकतीच रंगवलेली आहे हे तिथल्या माणसांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. मग कुणी बोललं का नाही?

अशा ठिकाणच्या पाळकाचं गणित समजून घ्या. छपराचे पत्रे, शिक्षिकेचं मानधन, अडीअडचणीला वस्तीत वाटायचं धान्य, हे सगळं ज्या मंडळ्यांच्या दानातून येतं, त्यांचीच मुलं ब्रश घेऊन दारात उभी असतात. त्यांना परत पाठवलं तर पुढच्या वर्षीचं दान येईल का, हे त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे लग्नात मुलीकडची माणसं वऱ्हाडाच्या प्रत्येक फर्माइशीला जशी ‘हो, हो’ म्हणत उभी राहतात, तसा तो उभा राहतो. त्याच्या ‘हो’मध्ये आनंद किती आणि नाइलाज किती, हे वऱ्हाडाला कधीच कळत नाही.

आणि गट यायचा म्हणजे यजमानाला काम किती! वीस माणसांच्या गाद्या, उकळलेलं पाणी, पोटाला झेपेल असं जेवण, गाडी, दुभाषी, तिसऱ्या दिवशी आजारी पडणाऱ्या एकाला दवाखान्यात नेणं. त्या आठवड्यात पाळकाच्या घरभेटी थांबतात. मंडळीतल्या बाया स्वयंपाकघराबाहेर पडत नाहीत. घरी परतल्यावर गट सांगतो, आम्ही इतके तास सेवा केली. यजमानांनी किती तास केली, ते कुणी मोजत नाही.

*

१९९८ च्या ऑक्टोबरात मिच चक्रीवादळाने होंडुरासची दैना केली. हजारो माणसं दगावली, लाखो बेघर झाली. नंतरच्या काळात उत्तर अमेरिकेतून गटामागून गट घरं बांधायला आले. त्याच वेळी होंडुरासमधली एक स्थानिक ख्रिस्ती संस्थाही तिथल्याच माणसांच्या हातून घरं बांधत होती. कर्ट व्हर बीक हे तेव्हा अमेरिकेतल्या कॅल्व्हिन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ. वर्षानुवर्षं होंडुरासमध्ये राहणारे आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती. त्यांनी दोन्ही प्रकारच्या घरांचा माग काढला. अभ्यास २००६ साली छापून आला.

स्थानिक संस्थेचं एक घर साधारण २,००० डॉलरमध्ये उभं राहत होतं. परदेशी गटाने बांधलेलं घर, विमानाची तिकिटं धरून, साधारण ३०,००० डॉलरला पडत होतं. एका घराच्या पैशात पंधरा घरं झाली असती. पंधरा कुटुंबं ताडपत्रीखालून छपराखाली गेली असती.

यावर एक उत्तर लगेच येतं. पैसाच सगळं नसतो, माणसं भेटली, प्रेम वाटलं गेलं, त्याचा परिणाम वेगळाच. व्हर बीक यांनी तेही तपासलं. ज्यांच्या घराला परदेशी हात लागले आणि ज्यांच्या घराला लागले नाहीत, त्या कुटुंबांच्या पुढच्या आयुष्यात त्यांना फरक आढळला नाही. लोकांना पाहुणे आवडले होते, त्यांच्याविषयी ते चांगलंच बोलले. पण त्या पैशात आणखी घरं झाली असती तर बरं झालं असतं, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे उत्तर यजमानांजवळ आधीपासून होतं. ते मागितलं गेलं, तेव्हा घरं बांधून झाली होती.

दुसरं उत्तर येतं ते असं, की दौऱ्याने जाणाऱ्याचं आयुष्य बदलतं आणि तो जन्मभर हात सैल सोडून देतो. व्हर बीक यांनी गटांतल्या माणसांना विचारलं, तेव्हा बऱ्याच जणांनी आपलं देणं वाढल्याचं सांगितलं. देणग्यांच्या नोंदी काढून पाहिल्या, तर तेवढी वाढ कुठे दिसली नाही. आणि समजा दिसली असती, तरी एक गोष्ट मला खटकलीच असती. श्रीमंत घरातल्या मुलाला जाग यावी म्हणून गरिबाने आपली झोपडी दाखवायला उघडी ठेवायची, हा सौदा त्या गरिबाला विचारून ठरलेला नाही.

*

पिपा बिडल या अमेरिकी लेखिकेने २०१४ साली आपल्या शाळकरी वयातल्या टांझानियाच्या दौऱ्याबद्दल लिहिलं. दौरा चर्चचा नव्हता, शाळेचा होता. पण साचा तोच. एका अनाथालयात मुलींनी वाचनालय बांधायचं. मुली दिवसभर विटा रचत. त्यांना बांधकाम येत नव्हतं आणि भिंत धड उभी राहत नव्हती. म्हणून गावातले पुरुष रात्री येऊन त्यांनी रचलेल्या विटा उतरवत, पुन्हा नीट रचत आणि सकाळी मुलींना काही कळू नये अशी व्यवस्था करत.

बांधकाम पाहिलेल्या कुणालाही हे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल. वीट बसवायची तर खाली माल सारखा पसरावा लागतो, दोरी ताणून ओळ धरावी लागते, ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते थरागणिक बघावं लागतं. हाताला ते वळण पडायला वर्षं लागतात. गवंडी बाजूला उभा राहून बघत असतो. तिसऱ्या थरातच भिंतीने पोट काढलंय, हे त्याला दिसतं. जगातल्या कुठल्याही कामावर तो हातातली थापी आपटून ‘थांबा, उतरवा ते’ म्हणाला असता. त्याचा तो हक्कच आहे. इथे मात्र तो गप्प राहतो आणि अंधार पडायची वाट बघतो. मला त्या वाया गेलेल्या सिमेंटपेक्षा त्या गवंड्याचं गप्प राहणं जास्त लागतं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या कामात, स्वतःहून कमी जाणणाऱ्या मुलांपुढे त्याला गप्प बसावं लागलं. मदतीच्या नावाखाली त्याच्याकडून काढून घेतलेली ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही.

औषधांच्या शिबिरांचंही तेच. मध्य अमेरिकेत त्यांना ‘ब्रिगाडा’ म्हणतात. शाळेच्या वर्गात बाकं ओळीने लावतात. एका बाकावर नाव लिहायचं, दुसऱ्यावर रक्तदाब बघायचा, तिसऱ्यावर डॉक्टर, चौथ्यावर प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत भरलेल्या गोळ्या. समजा, डोंगरावरून दोन तास चालत एक बाई आली. पट्टा बांधला, रक्तदाब १७० निघाला. दुभाष्याने दोन वाक्यांत समजावलं आणि तिच्या हातात महिन्याच्या गोळ्या आल्या. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याने संपतात, रक्तदाब संपत नाही. गट तर आठव्या दिवशीच परतलेला असतो. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स या बाईला नावाने ओळखते, बाईची कोणती औषधं चालू आहेत नि कोणती बंद केली आहेत हे त्या नर्सला माहीत असतं. शिबिराच्या चारही बाकांवर त्या नर्सला जागा नसेल, तर ते शिबिर भरवू नये. आणि ‘तुमच्या गोळ्यांची यादी आधी मला दाखवा, त्यातल्या ज्या इथे पुढे मिळणार नाहीत त्या आणू नका’ असं त्या नर्सने म्हटलं, तर तो शब्द अखेरचा मानला पाहिजे.

*

‘नको’ म्हणायची ताकद सगळ्यांत कमी कुणाची? लहान मुलाची. अनाथालयातलं पोर नव्या पाहुण्याच्या कमरेला मिठी मारतं, पाहुण्याचे डोळे भरून येतात, फोटो निघतो. आठव्या दिवशी पाहुणा जातो. पंधरवड्याने दुसरा येतो. लळा लावायचा आणि सोडून जायचं, हे त्या पोराच्या वाट्याला वर्षात किती वेळा येतं, याचा विचार करा. आणि यातली बरीच मुलं अनाथही नसतात. कंबोडियात अशा संस्थांतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचं आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफने दाखवून दिलं. पाहुणे येतात, त्यांच्यामागून देणग्या येतात, म्हणून संस्था वाढतात. संस्था वाढल्या की त्या भरायला मुलं लागतात आणि ती गरिबांच्या घरांतून येतात. या चक्राला प्रेमळ माणसांचे पैसेच फिरवत असतात.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. महिना उलटायच्या आत अमेरिकेतल्या दहा बॅप्टिस्ट माणसांना हैतीच्या पोलिसांनी सीमेवर अडवलं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अनाथालय काढायचं म्हणून ते ३३ मुलांना बसमधून घेऊन चालले होते. नेण्याचे कागद त्यांच्याकडे नव्हते. पुढे उघड झालं, की ही मुलं अनाथ नव्हतीच. काहींच्या आईबापांनी, पोराला शाळा मिळेल या आशेवर, ती आपल्या हाताने सोपवली होती. बहुतेक मुलं नंतर घरी परतली.

त्या आईबापांनी ‘हो’ म्हटलं होतं, असा बचाव करता येईल. पण ढिगाऱ्यापुढे बसलेल्या बापाच्या ‘हो’ला संमती म्हणायचं असेल, तर संमती या गोष्टीला काही अर्थच उरत नाही. जिथे माणसाला ‘नको’ परवडत नाही, तिथे त्याच्या ‘हो’वर विसंबून काहीही करू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच देशातली घटना आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये २६ वर्षांचा जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकी तरुण अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनल बेटावर सुवार्ता सांगायला उतरला आणि मारला गेला. हा आठ दिवसांचा दौरा नव्हता. त्याने कित्येक वर्षं तयारी केली होती, त्याच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण त्या बेटावरच्या माणसांनी ‘नको’ हे इतकं स्वच्छ सांगितलं होतं, की जगात क्वचितच कुणी सांगितलं असेल. पिढ्यान्‌पिढ्या बाण सोडून सांगितलं होतं. भारताच्या कायद्याने ते मान्य करून त्या बेटावर जायला बंदी घातली होती. शिवाय पर्यटक व्हिसावर येऊन आपल्याकडे धर्मप्रचार करता येत नाही. मिशनऱ्यांसाठी वेगळा व्हिसा आहे. चाऊ हे सगळं ओलांडून गेला. त्याला पैसे घेऊन बेटापर्यंत पोहोचवणारे मच्छीमार गजाआड गेले. त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं, याची बातमी जगभर झाली नाही. बाहेरून आलेल्या श्रद्धेची किंमत इथल्या माणसांनी मोजली.

*

ख्रिस्ती माणसाला हे सगळं नव्याने शोधायची गरज नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडा. प्रभू येशू सत्तर शिष्यांना दोघा-दोघांनी गावोगाव पाठवतो. हाही थोड्या दिवसांचाच दौरा आहे; शिष्य जातात आणि परत येऊन हकिकत सांगतात. पण त्यांना दिलेल्या सूचना बघा. थैली घ्यायची नाही, झोळी घ्यायची नाही, पायातल्या वहाणासुद्धा नाहीत. ज्या घरी स्वागत होईल तिथेच राहायचं, वाढतील ते खायचं. आणि ज्या गावाला ते नको असतील, तिथून पायाची धूळ झटकून निघायचं.

म्हणजे जाणारा रिकाम्या हाताने जातो आणि दार उघडायचं की नाही, हे घरमालक ठरवतो. भाकरी यजमानाची, छप्पर यजमानाचं, म्हणून शब्दही यजमानाचा. आजचा दौरा नेमका उलट्या दिशेने चालतो. पाहुणा थैली भरून येतो, आपलं पाणी, आपलं खाणं, आपला दुभाषी, आपलं वेळापत्रक घेऊन येतो, आणि थैली त्याच्या हातात असल्यामुळे दार बंद करायची सोय यजमानाला उरत नाही.

त्याच अध्यायात पुढे चांगल्या शोमरोनीची गोष्ट आहे. वाटेत जखमी पडलेल्याला तो उचलतो, मलमपट्टी करतो, धर्मशाळेत नेतो. त्यानंतर काय करतो, हे प्रवचनांत फारसं येत नाही. तो दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, जास्त लागले तर परतताना चुकते करीन म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. पुढची शुश्रूषा त्या जागी राहणारा माणूस करतो. त्याच्यावर विश्वास टाकून पैसे दिलेले आहेत, हिशेबही त्याच्याच हाती आहे. होंडुरासच्या २,००० डॉलरच्या घराला आधार हवा असेल, तर तो इथे आहे.

मग कुणी जाऊच नये का? इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू १९६८ साली मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे अमेरिकी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तोंडावर बोलले होते. बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मी एवढं टोक गाठत नाही. यजमानाने बोलावलं आणि त्याला लागेल तेच घेऊन गेलात, तर थोडे दिवसही कामी येतात. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ पासून रुग्णालयी जहाजं चालवते. आफ्रिकेतल्या देशाच्या सरकारने बोलावलं की जहाज तिथल्या बंदराला लागतं आणि महिनोन्‌महिने राहतं. स्वखर्चाने आलेल्या भूलतज्ज्ञाचा मुक्काम दोन आठवड्यांचा असेल, पण जहाज तिथेच असतं, रुग्णाचे कागद तिथेच असतात आणि तिथल्या डॉक्टर-नर्सना शिकवण्याचं काम सोबत चाललेलं असतं. माणूस बदलला तरी काम खंडत नाही. आठ दिवस कमी पडतात ते एकट्याने, न बोलावता आणि मागेपुढे काही न जोडता खर्च केले तर.

*

महाराष्ट्राला मिशन नवं नाही. सिंथिया फरार ही अमेरिकी मिशनरी १८२७ साली मुंबईत आली, मराठी शिकली, पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली ती तिथेच वारली. तिलाही इथल्या कुणी बोलावणं धाडलेलं नव्हतं. पण ती इतकी वर्षं राहिली, की तिच्यातलं काय घ्यायचं नि काय नाही, हे ठरवायला इथल्या माणसांना भरपूर वेळ मिळाला. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली, त्यातून उमेद घेतली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. बाप्तिस्मा घेतला नाही. शाळा हवी, धर्म नको, असं यजमान ठामपणे म्हणू शकला, म्हणून त्या भेटीतून महाराष्ट्राच्या हाती काही लागलं.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांना त्यांनी ‘या, आमच्या विधवांची सेवा करा’ असं सांगितलं नाही. संस्थेसाठी पैसा मागितला. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, दहा वर्षं खर्च चालवायचं तिने कबूल केलं आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पैसा समुद्रापलीकडचा, पण सदन चालवणारी बाई इथली, मुलींची भाषा, त्यांची भीती, त्यांचे सोवळ्याओवळ्याचे आचार जाणणारी. मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक तिथे होती. पुढे धर्मांतराच्या शंकेवरून वाद पेटला आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घाला. पण दार आतून उघडत होतं, हे मान्य करावं लागेल.

आज अमेरिकेतल्या मराठी घरांतली मुलंही शाळा-कॉलेजांच्या सेवादौऱ्यांवर जातात. आपल्याकडच्या मंडळ्या, शाळा, संस्था सुट्टीत पालघर-नंदुरबारच्या पाड्यांवर गट नेतात, वह्या वाटतात, नाटुकली करतात, जेवून परततात. पाड्यावरच्या शिक्षकाला विचारलंय का, की तुला वह्या हव्यात की वर्गाच्या छपराचे पत्रे? की त्या दिवशी तुझ्या वर्गाची परीक्षा ठरली आहे? तेव्हा हा लेख कुण्या दूरच्या गोऱ्या मंडळीबद्दल आहे असं समजून कुणी निवांत होऊ नये.

करायचं काय, ते अवघड नाही. दान आणि दौरा यांची फारकत करा. आधी पैसे पाठवा आणि लेखी कळवा, की आम्ही आलो काय न आलो काय, हे तुमचेच आहेत. जायचं असेल तर यजमानाकडून नेमकं काम मागवा, तेही त्याच्या सोयीच्या महिन्यात. बांधकाम असेल तर गावातला गवंडी मुकादम असेल, त्याला पूर्ण मजुरी मिळेल आणि पाहुण्यांनी त्याच्या हाताखाली माल कालवायचा. औषधं असतील तर तिथल्या नर्सच्या यादीप्रमाणे. अनाथालयांत पाहुणे नकोत, त्याऐवजी पोराला त्याच्या घरात ठेवता येईल एवढं बळ घराला द्या. आणि एका उन्हाळ्यात उलटी फेरी करा. होंडुरासच्या पाळकाला तुमच्या चर्चमध्ये बोलवा, महिनाभर प्रवचनं द्यायला लावा. अमेरिकी माणसाला होंडुरासला जायला व्हिसा लागत नाही. होंडुरासच्या माणसाला अमेरिकेचा व्हिसा मिळवताना नाकी नऊ येतात. त्या व्हिसासाठी खेटे घालणं, हीसुद्धा सेवा आहे.

पुढच्या उन्हाळ्याची बैठक प्रत्येक मंडळीत कधीतरी बसेलच. टी-शर्टचा रंग ठरवण्याआधी तिथून एक पत्र जाऊ दे: पैसे पोहोचले असतील, आम्ही यावं का? उत्तर ‘नको’ असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याला आपल्या तोंडावर ‘नको’ म्हणता येतं, तो आपला आश्रित राहिलेला नसतो, भाऊ झालेला असतो. आणि उत्तर ‘या’ असं आलं, तर जरूर जा, वाढतील ते खा आणि गवंडी सांगेल तशी वीट धरा.